धुतलेला पाला

आमच्या ह्यांना एकदा एखादी गोष्ट कळली की मग दुसरी काही कळत नाही. एकतीस वर्षं संसार केला, पण हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आता बोलते. आणि ह्यांचंच काय घेऊन बसायचं, त्या आठ-दहा दिवसांत मी तरी काय दिवे लावले तेही सांगते.

आम्ही रेशमाच्या अळ्या पाळतो. घरामागे तुतीची बाग, बागेच्या कडेला शेड. शेडमध्ये लोखंडी मांडण्या, एकेका मांडणीला पाच कप्पे आणि कप्प्याकप्प्यांत अळ्या. लोकांना वाटतं काय काम आहे यात, पाला तोडायचा आणि घालायचा. अहो, तान्ह्या बाळाला एक वेळ थोडं इकडेतिकडे चालतं, अळीला चालत नाही. जास्त उकडलं की मरते, गारठलं की मरते, कुणी अत्तर लावून आत गेलं तरी तोंड फिरवते. वाढताना चार वेळा कात टाकते. चौथी कात टाकली की सात-आठ दिवस अशी खायला बसते की घरातल्यांना जेवायला फुरसत मिळत नाही. पहाटे फांद्या तोडा, घाला, दुपारी तोडा, घाला, संध्याकाळी परत तेच. मग अळी पिवळट पारदर्शक होते, तोंडातून धागा काढते आणि कोष विणते. तेवढे आठ दिवस निभावले की सुटलो.

घरात तेव्हा आम्ही तिघंच. हे, मी आणि सून. मुलगा टेम्पो चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेरच असतो.

त्या वेळी आभाळ सारखं भरलेलं. पाऊस धड पडत नव्हता आणि ऊन धड निघत नव्हतं. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नव्हते, मिठाच्या बरणीत पाणी सुटलं होतं, काडेपेटीतल्या चार काड्या मोडल्याशिवाय चूल पेटत नव्हती. अळ्या मात्र छान होत्या. चौथी कात टाकून उठल्या, बोटाएवढ्या जाड, पांढऱ्याफेक. सून म्हणाली, "आई, या वेळी एकही कप्पा रिकामा राहणार नाही बघा." मी म्हटलं, "दृष्ट लावू नकोस."

त्याच दिवशी दुपारी हे बागेतून तरातरा आले. तोंड लाल.

"त्यानं पंप काढलाय."

तो म्हणजे मिरचीवाला. आमच्या बागेला लागून त्याचं मिरचीचं रान, मधे फक्त एक बांध. मागच्या उन्हाळ्यात त्यानं वाऱ्याच्या दिवशी मिरचीवर औषध फवारलं आणि ते उडून आमच्या तुतीवर आलं. पाला खाल्ला आणि तासाभरात अळ्या माना टाकायला लागल्या. हिरवं पाणी ओकत होत्या, अंग आखडत होत्या. बघवत नव्हतं. मी तर पदर तोंडाला लावून बाहेर बसले. पण हे हरले नाहीत. ह्यांनी बागेतला सगळा पाला टपात धुवायला काढला. टपातून काढायचा, झटकायचा, चादरीवर पसरायचा आणि मग घालायचा. तेव्हा ऊन असं होतं की चादरीवर टाकलेला पाला पाच मिनिटांत कोरडा ठणठणीत व्हायचा. निम्म्याहून जास्त अळ्या वाचल्या. ही अक्कल ह्यांची एकट्याची, कुणी शिकवलेली नाही. गावभर नाव झालं. लांबलांबची माणसं येऊन विचारून गेली. हे बाजेवर बसून सांगायचे, टप केवढा, पाणी किती, झटकायचं कसं. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मिरचीवाल्याशी मात्र बोलणं तुटलं ते तुटलंच. आता त्यात मेख अशी की मिरचीवाल्याची बायको आमच्या सुनेची मावसबहीण. भांडणाच्या आधी तिनंच मध्यस्थी करून हे स्थळ आणलं होतं.

तर पंप दिसला आणि ह्यांनी टप काढला.

"अजून मारलंय कुठे त्यानं?" मी विचारलं.

"मारल्यावर बघत बसू का मग? या खेपेला मी आधीच तयार आहे."

त्या संध्याकाळपासून सगळा पाला धुवायला लागला. सून तोडायची, हे बुचकळायचे, मी झटकायची. चादरी शेडच्या ओसरीत पसरलेल्या. ऊन नाही, वारा नाही, पाला वाळणार कसा? आम्ही जुन्या कपड्यांनी पुसायचो, पण शेकडो फांद्या, एकेक पान कोण पुसणार? वेळ झाली की तसाच घालायचा. तिसऱ्या दिवशी सुनेच्या हातांची कातडी पांढरी पडून सुरकुतली. माझी कंबर गेली ती अजून पुरती आलेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळीच खालच्या कप्प्यात मेलेल्या अळ्या दिसल्या. बारा-पंधरा असतील. मऊ पडलेल्या, तोंडाशी हिरवं पाणी.

हे उकिडवे बसले. एक अळी तळहातावर घेतली, उजेडाकडे धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मारलं की नाही त्यानं?" आवाजात दुःख होतं, पण आपलं खरं ठरल्याचं समाधानही होतं. ते मी ओळखलं.

"धुऊन घालतोय तरी?" मी म्हटलं.

"कमी धुतला. आता दोन पाण्यांतून काढायचा."

सून मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, पाला ओला जातोय. ओल्यानं पण अळीचं पोट बिघडतं."

"ओला नाही, धुतलेला आहे."

"पण खाली बघा ना. यांची विष्ठा मिरीसारखी कोरडी असते. ही चिकटतेय."

"विषानं चिकटते."

"मागच्या वेळी तर तासाभरात माना टाकल्या होत्या म्हणे. या तर दोन दिवस..."

"तू तेव्हा इथे होतीस का?" ह्यांनी वळून विचारलं. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. मग हे माझ्याकडे बघून म्हणाले, "फार माहिती आहे हिला." 

एवढंच म्हणाले. पण ते वाक्य माझ्या डोक्यात खड्ड्यात पाणी साचावं तसं साचून राहिलं. खरंच की, हिला कशी एवढी माहिती? आणि त्याला सोडवायची एवढी घाई का?

माझा स्वभाव संशयी आहे, कबूल करते. कुणी दोन वेळा हसून बोललं की मी विचार करते, याला काय पाहिजे. तर मी सुनेवर लक्ष ठेवायला लागले. ती आंघोळीला गेली तेव्हा तिचा फोन उघडून बघितला. वाईट केलं, पण केलं. कालच्या एका दिवसात मिरचीवालीला तीन फोन.

मी तिला गाठलं. "बहिणीशी काय एवढं गुलुगुलू चाललंय?"

तिनं एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. फोन बघितल्याबद्दल एक शब्द बोलली नाही. "विचारत होते, दाजींनी फवारलं का म्हणून. ती म्हणाली पंप बिघडलाय, सुटा करून दुरुस्तीला नेलाय. एक थेंब मारलेला नाही."

"आणि तुझा विश्वास बसला?"

"ती माझ्याशी खोटं का बोलेल?"

"खोटं बोलणारा विचारून बोलतो का?" मी म्हटलं, आणि हे सगळं जाऊन ह्यांना सांगितलं.

हे तडक बांधावर गेले. मीही मागोमाग. मिरचीवाला खुरपत होता. उठून उभा राहिला. हे म्हणाले, "पंप कुठे आहे तुझा?"

"दुरुस्तीला दिलाय दादा. तुम्ही त्या दिवशी बघितलात ना, तेव्हा गाडीवर बांधायलाच काढला होता. दुकानात जाऊन बघा, तिथेच पडलाय अजून."

"घेऊन ये पावती."

त्यानं खिशातून चुरगळलेली पावती काढली. ह्यांनी ती उलटसुलट बघितली, परत दिली आणि चालायला लागले. घराच्या दारात थांबून म्हणाले, "बघितलंस? पावती खिशात घेऊन खुरपतो कुणी? आधीच तयारीत होता."

मला ते पटलं. आज हसू येतं, पण तेव्हा पटलं.

मग ह्यांनी चुलीतली राख नेऊन बांधाच्या कडेनं पसरली. रात्रीतून कुणी आलं तर पाऊल उमटेल. सकाळी राख जशीच्या तशी. एका कुत्र्याचंही पाऊल नाही. हे वाकून राख बघत म्हणाले, "किती हुशार आहे बघ. पायसुद्धा टेकवत नाही."

"मग काय उडून येतो?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आतून कुणी येत असेल," हे म्हणाले.

आतून म्हणजे आमच्या घरातून. आमच्या घरात आम्ही तिघं. हे स्वतः नाहीत, मी नाही, मग राहिलं कोण?

त्या दिवसापासून सुनेनं शेडमध्ये जायच्या आधी ह्यांच्यासमोर साबणानं हात धुवायचे, हात पुढे करून दाखवायचे, नखं दाखवायची. हे वाकून वास घ्यायचे. औषधाचा वास येतो का बघायचे. पोर काही बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "बाबा, दातही दाखवू का?" मला हसू फुटलं होतं, पण ह्यांच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं. मी काही म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि बघत राहिले.

पाला आता दोन पाण्यांतून निघायला लागला, मग तीन. जितका जास्त धुवावा तितक्या जास्त मराव्यात. खालचा कप्पा संपला, दुसरा संपत आला. शेडमध्ये सडका, आंबूस वास सुटला. मेलेल्या अळ्या वेचून घमेल्यात टाकायच्या आणि मागे खड्ड्यात पुरायच्या. सून नाकाला फडकं बांधून वेचायची. हे दारात स्टूल टाकून बसायचे, डोळ्यांत तेल घालून. दाढी वाढली, जेवण सुटलं. मला त्यांची दया यायची. माणूस वाईट नाही हो. मी तीन महिने अंथरुणाला खिळले होते तेव्हा माझी वेणी घालायचा हा माणूस. पण त्या दिवसांत समोरची भिंत दिसली तरी ते म्हणाले असते की ही कुणी आणून ठेवली.

सहाव्या दिवशी दुपारी मी अडगळीच्या खोलीत गेले. रिकामी पोती हवी होती. पोत्यांच्या मागे, खिडकीखाली, कसला तरी आवाज येत होता. कुरकुर, कुरकुर. तो आवाज ओळखायला मला कान द्यावा लागला नाही. पोतं सरकवलं तर मागे शेडमधला एक ट्रे. त्यात शंभरेक अळ्या. जाड, टणक, पांढऱ्या. अधाशासारख्या खात होत्या. ट्रेच्या तळाशी विष्ठा मिरीच्या दाण्यांसारखी, कोरडी. वास नाही.

शेडमधल्या मरतायत आणि इथे लपवलेल्या अशा! मनात पहिला विचार कोणता आला? ही चोरतेय. चांगल्या अळ्या वेचून बहिणीकडे पाठवतेय. दुसरा विचारही आला. या खातायत तो पाला कोरडा आहे. आला आणि गेला. मी त्याला बसायला जागाच दिली नाही. मी तशीच ओसरीत गेले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, इकडे या. चोर सापडला."

हे आले. सूनही मागोमाग आली, हातात ओला पाला तसाच. ट्रे मधे ठेवलेला. तिघं भोवती उभे.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

सुनेनं पाला खाली ठेवला. घाबरलेली दिसत नव्हती. उलट सुटल्यासारखी दिसली. "बाबा, मी आजच दाखवणार होते. चार दिवस झाले. शेडमधल्याच आहेत, सरसकट उचलल्या, निवडलेल्या नाहीत. यांना मी बांधाकडच्या ओळीचा पाला घालतेय. मिरचीच्या अगदी लगतचा. आणि धुतलेला नाही. फक्त कोरडा करून. एकही मेली नाही."

ती बोलायची थांबली. मला वाटलं, झालं, सोक्षमोक्ष लागला. बांधाकडचा पाला, म्हणजे विष असलंच तर तिथे सगळ्यात जास्त. तो खाऊन या जिवंत. शेंबड्या पोरालाही कळेल. मी ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. ह्यांनी ट्रेमध्ये हात घातला, एक अळी उचलली, ती बोटावर सरळ चालायला लागली. ह्यांचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. मला ते दिसलं, मी शपथेवर सांगते. ओठ हलले. वाटलं, आता म्हणतील, अगं, माझं चुकलं.

मग चेहरा परत मिटला.

"म्हणजे," हे सावकाश म्हणाले, "कुठल्या ओळीवर मारलं नाही ते तुला माहीत होतं."

सुनेला आधी समजलंच नाही. "काय?"

"बांधाकडचीच ओळ बरोबर सुरक्षित कशी? तुला त्यानंच सांगितलं. इथला घाल, बाकीचा घालू नको. म्हणून तुझ्या जगल्या."

"बाबा, मी तुम्हाला चुकीचं ठरवायला..."

"सामान भर. पोराला फोन कर, संध्याकाळी येऊन घेऊन जाईल. माहेरी जाऊन खुशाल अळ्या पाळ."

ह्यांनी ट्रे उचलला आणि शेडकडे गेले. "या माझ्या अळ्या आहेत," असं म्हणत त्यांनी तो वरच्या कप्प्यात ओतला आणि त्यांच्यावर तीन पाण्यांतून काढलेला पाला घातला. प्रेमानं घातला. एकेक फांदी नीट मांडून.

सून रडली नाही. खोलीत गेली, पिशवी भरायला लागली. मी दारात जाऊन उभी राहिले. काय बोलावं कळेना, म्हणून रागावले. "मला तरी सांगायचं होतंस!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बाबांना सांगितलं असतं."

"नसतं सांगितलं."

तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. घड्या घालायला मदत करावी म्हणून मी एक साडी उचलली, तर तिनं ती माझ्या हातातून घेतली. ओढून नाही, हळूच. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

मुलगा आला. बापासमोर मान खाली घालून उभा राहिला. "आई, काय झालं?" मला विचारलं. "तुझ्या बापाला विचार," मी म्हटलं. बापानं सांगितलं. पोरगा बायकोकडे बघून म्हणाला, "तू पण कशाला नसत्या भानगडीत पडतेस?" हा आमच्या घरचा वाघ! टेम्पोचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मी अंगणात उभी होते. शेडच्या दारातून हे ओरडले, "पाला आण, वेळ झाली."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला एकटीलाच तोडायला जावं लागलं. कोयता घेतला आणि पाय आपोआप बांधाकडे वळले. लगतच्या ओळीच्या फांद्या तोडल्या. घरी आणल्या, पण टपाकडे नेल्या नाहीत. स्वयंपाकघरात, पेटलेल्या चुलीपासून दूर, पण शेकेल अशा जागी पसरल्या. पान कागदासारखं वाजायला लागलं तेव्हा उचलल्या आणि सरळ शेडमध्ये गेले. हे स्टुलावर पेंगत होते. मी मांडण्यांच्या वरच्या दोन कप्प्यांतला ओला पाला हातानं काढून टाकला, खाली कोरडी राख भुरभुरली आणि नवा पाला घातला. या वयात मी स्वतःच्याच शेडमध्ये चोरासारखी शिरले होते.

हे जागे झाले. जवळ आले. एक पान खुडून बोटांत चोळलं.

"हा धुतलेला नाही."

"नाही."

"कुठला आहे?"

"बांधाकडचा."

हे माझ्याकडे बघत राहिले. त्यांची ती नजर मी चार दिवस सुनेवर पडताना बघितली होती, पण ती अंगावर घेऊन बघितली नव्हती. अंगावर पाल पडल्यावर होतं तसं झालं.

"तुला कुणी शिकवलं? तिनं फोन केला?"

"मला कोण शिकवणार? मला डोळे नाहीत का?"

"तूही त्यांना मिळालीस."

"हो, मिळाले," मी म्हटलं. राग असा आला की आवाज फाटला. "एकतीस वर्षांनी फितूर झाले. आता मलाही माहेरी पोचवा. माझं माहेर कधीच मातीत गेलंय, तेवढी जागा शोधून काढा आणि पोचवा. पण या दोन कप्प्यांना हात लावलात तर टप फोडून टाकीन."

हे मागे सरले. टप फुटेल या भीतीनं सरले की मी कधी अशी बोलले नव्हते म्हणून, देव जाणे. खालचे तीन कप्पे त्यांचे, वरचे दोन माझे, अशी वाटणी झाली. एकाच शेडमध्ये दोघं उभे राहून दोन प्रकारचा पाला घालत होतो. ते धुवायचे, मी शेकायची. माझ्या कप्प्यांतल्याही पुष्कळ मेल्या, आधीचं बाधलेलं होतंच, पण तिसऱ्या दिवशी मेलेल्या वेचायला हात घातला तर हाताला दोनच लागल्या. विष्ठा सुटी पडायला लागली. खाली मात्र घमेल्यामागून घमेलं खड्ड्यात जात होतं.

मग वरच्या अळ्या पिवळट झाल्या. मी त्यांना उचलून बांबूच्या चंद्रिकांवर सोडलं, म्हणजे ज्या जाळीवर त्या कोष विणतात त्यांवर. दोन दिवसांत चंद्रिका कोषांनी भरल्या. खालच्या तीन कप्प्यांतून मूठभरही निघाले नाहीत.

हे चंद्रिकेसमोर उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. बोलायची गरजच नव्हती, सगळं समोर टांगलेलं होतं. हे एकेका कोषावरून बोट फिरवत होते. डोळ्यांत पाणी होतं. मला भडभडून आलं. मी त्यांच्या दंडाला हात लावला.

हे म्हणाले, "वर हात पोचला नाही त्याचा. म्हणून वरचे वाचले."

मी हात काढून घेतला. घरात गेले, तोंड धुतलं, पिशवीत दोन लुगडी टाकली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. मिळेल त्या गाडीनं सुनेच्या माहेरी गेले.

तिची आई अंगणात धान्य निवडत होती. मला बघून उठलीही नाही आणि बस म्हणालीही नाही. सून आतून आली. आठ दिवसांत हातांची कातडी भरून आली होती. मी म्हटलं, "तुला न्यायला आले."

"बाबांना कळलं?"

खोटं बोलायचा मोह झाला. "नाही. त्यांना कळायचं नाही ते. पण मला कळलंय. मी तुझ्यासारखा पाला घातला. वरचे दोन कप्पे जगले."

ती माझ्याकडे बघत राहिली. आधी डोळ्यांकडे, मग पिशवीकडे, मग मागे रस्त्याकडे, आणखी कुणी आलंय का ते. मग म्हणाली, "तुम्हाला बाबांनी पाठवलं ना? नवीन अळ्या यायच्यात. पाला तोडायला माणूस नाही."

"नाही गं. शप्पथ नाही. मी आलेय हेही त्यांना माहीत नाही."

"तसं म्हणायला सांगितलं असेल."

काय पुरावा देणार होते? कोष आणून दाखवले असते तर म्हणाली असती, ठरवून आणले. न आणता आले तर रिकाम्या हातानं आले. मी जे काही बोलले असते त्याचं तिच्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते असं वापरायचं कसं हे ती आमच्याच घरात राहून शिकली होती. मला तिचा राग आला नाही. माझा आला.

"तुझं बरोबर आहे," मी म्हटलं. "नको ठेवूस विश्वास."

"मग तुम्ही आता परत जा. मी विचार करते. उद्या-परवा सांगेन."

"उद्यापर्यंत थांबते मी."

"आणि परवापर्यंत लागलं तर?"

"तर परवापर्यंत."

तिची आई निवडायची थांबून आमच्याकडे बघायला लागली. सून आत निघून गेली नाही, दारातच उभी राहिली. मी चपला काढल्या, पिशवी भिंतीशी ठेवली आणि विहीणबाईंच्या समोर बसून त्यांच्या सुपातलं मूठभर धान्य निवडायला घेतलं.